मैत्रिणीच्या गोधडीचे किती घ्यायचे?

मैत्रीण पिशवीतून चार जुन्या साड्या काढते, "एवढी गोधडी शिवून दे गं" म्हणते आणि चहा पिऊन जाते. आठ-दहा दिवसांनी न्यायला येते तेव्हा दारातच विचारते, "किती झाले?" ब्लाऊजचा दर भिंतीवर लिहिलेला असतो, पिको-फॉलचा तर अख्ख्या गल्लीला पाठ असतो. गोधडीचा मात्र कुठंच नसतो. मशीनवाली संकोचून म्हणते, "दे तुला वाटतील तेवढे." मैत्रीण शंभर-दीडशे रुपये हातावर ठेवते. एकीला वाटतं, फारच कमी दिले. दुसरीला वाटतं, घरच्याच साड्या होत्या, तरी एवढे कसे घेतले? दोघीही बोलत नाहीत आणि पुढची गोधडी भलतीकडेच शिवायला जाते.

बीड जिल्ह्यात हा प्रसंग दसरा-दिवाळीच्या सुमाराला जास्त घडतो. घट बसायच्या आधी घरातलं सगळं अंथरूण-पांघरूण धुऊन निघतं. धुताना कोणती वाकळ विरली आणि कोणती अजून दोन हिवाळे काढेल ते कळतं. त्यातच ऊसतोडीला जाणाऱ्या घरांची बांधाबांध सुरू होते. राज्यात सर्वांत जास्त ऊसतोड मजूर याच जिल्ह्यातून पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. फडावरच्या कोपीत थंडीचे चार-पाच महिने काढायचे, तर जाडजूड पांघरूण हवंच. शिवाय पाटोदा, आष्टी, धारूरकडच्या बालाघाटच्या माथ्यावरची थंडी पातळ चादरीला दाद देत नाही. म्हणजे मागणी आहे, मशीन आहे, ओळखही आहे. अडतं ते फक्त दरापाशी. तो कसा बसवायचा, हे समजून घ्यायचं तर आधी गोधडीत वेळ नेमका कुठं जातो ते पाहावं लागेल.

मशीनवर तर शिवायची, त्यात काय एवढं?

हातानं गोधडी शिवायला कित्येक दुपारी जातात, हे सगळ्यांना ठाऊक असतं. त्यामुळे मशीन म्हटलं की काम झटक्यात होणार, अशी समजूत होते. ती अगदीच खोटी नाही, हिशोब करून पाहा. पाच फूट बाय सात फुटांची गोधडी घ्या. दोन-दोन इंचांवर उभ्या टिपा मारायच्या. रुंदी साठ इंच, म्हणजे तीस टिपा, प्रत्येक सात फुटांची. एकूण २१० फूट, म्हणजे सुमारे ६४ मीटर. मोटर लावलेलं घरगुती मशीन मिनिटाला सातशे-आठशे टाके सहज घालतं. टाका तीन मिलिमीटरचा धरला तर मिनिटाला दोन मीटरच्या वर टीप पडायला हवी. म्हणजे गोधडी अर्ध्या तासात हातावेगळी!

प्रत्यक्षात ज्या बाईनं एकदा तरी मशीनवर गोधडी घेतली आहे, तिला हा अर्धा तास ऐकून हसू येईल. सुई अर्धा तास चालते, हे खरं. पण सुई चालायच्या आधी आणि दोन टिपांच्या मधे जे घडतं, ते या हिशोबात आलेलंच नाही.

साड्या आल्या की आधी फॉल उसवायचा. विरलेला, फाटलेला भाग कापून बाजूला काढायचा. साडीची रुंदी साधारण पंचेचाळीस इंच, गोधडीला हवी साठ. म्हणजे जोड द्यावा लागतो, आणि तो वरच्या पदराला मधोमध येऊन चालत नाही. मग इस्त्री. मग घरातली सगळ्यात मोठी मोकळी जागा शोधून, लहान मुलांना बाहेर पिटाळून, एकावर एक चार पदर अंथरायचे. मधे हवा राहिली, एक पदर तिरका गेला, की पुढं सगळंच फसतं. म्हणून हातानं लांब लांब कच्चे टाके घालून सगळं टाचून घ्यायचं. एवढं झाल्यावर गोधडी मशीनवर चढते.

तिथंही ती सरळ चालत नाही. घरगुती मशीनच्या मानेखाली जागा असते वीतभर. कडेची टीप मारताना गोधडीचा मोठा भाग बाहेर डावीकडे असतो, ते सोपं. मधली टीप मारायची तर निम्मी गोधडी गुंडाळून त्या वीतभर जागेत कोंबावी लागते आणि उरलेली निम्मी खाली लोंबून सुईला मागं ओढत असते. ती एका हातानं उचलून धरायची, दुसऱ्या हातानं पुढं सरकवायची. त्यात बॉबीन भरायला थांबायचं ते वेगळंच, कारण एवढ्या टिपांना खालचा दोरा एका भरण्यात पुरत नाही. सुईचं टोक बोथटलं तर टाके सुटायला लागतात आणि बरीचशी टीप मारून झाल्यावर ते लक्षात येतं. उसवा आणि पुन्हा मारा.

पदर सरकतात कसे

या सगळ्या खटाटोपाचं मूळ मशीनच्या रचनेत आहे, आणि दराशी त्याचा थेट संबंध आहे.

सुईच्या खाली पत्र्याच्या खाचांतून छोटे दाते वर येतात, कापड पकडून मागं ढकलतात आणि खाली जातात. प्रत्येक टाक्याला हे होतं. दात्यांची पकड असते सगळ्यात खालच्या पदरावर. सगळ्यात वरच्या पदरावर मशीनचा पाय दाबून बसलेला असतो. तो कापड पुढं नेत नाही, उलट थोडं अडवतो. दोनच पदर असतील तर फरक जाणवत नाही. चार-पाच पदर असले की खालचा पदर टाक्याटाक्याला केसभर पुढं जातो आणि वरचा केसभर मागं राहतो. सात फुटांच्या टिपेच्या शेवटी हा फरक बोटभर होतो, आणि वर चुन्या पडतात. कच्चे टाके याचसाठी घालायचे.

जुन्या सुती लुगड्याचे पदर एकमेकांना धरून राहतात. सूत खरखरीत असतं आणि धुऊन धुऊन त्याला लव सुटलेली असते. पॉलिस्टरच्या, नायलॉनच्या साड्या मात्र एकमेकींवरून घसरतात. आज गोधडीसाठी येणाऱ्या साड्यांत याच जास्त असतात. म्हणजे टाचायला वेळ जास्त आणि मशीनवर वेग कमी. रंगानं चकचकीत दिसणारी ही गोधडी शिवायला सुती गोधडीपेक्षा अवघड असते. मैत्रिणीला हे माहीत असायचं कारण नाही, म्हणून ते साड्या घेतानाच सांगितलेलं बरं.

दोऱ्याचंही असंच. मशीनच्या टिपेत दोन दोरे असतात, एक सुईतून वरून येणारा आणि एक बॉबीनचा, आणि ते कापडाच्या आत एकमेकांत अडकतात. अमेरिकेत एलियस हाऊनं १८४६ साली पेटंट घेतलेल्या मशीनची टीप याच पद्धतीची होती. दोन दोरे, त्यात प्रत्येक टाक्याला कापडाच्या जाडीत खाली-वर जायचं. त्यामुळे टिपेच्या लांबीच्या अडीच ते तीनपट दोरा लागतो. ६४ मीटर टिपांना सुमारे १९० मीटर. कडेच्या पट्टीच्या दोन फेऱ्या धरल्या तर सव्वादोनशेच्या पुढं. घरातलं एक रीळ बघून "दोरा तर पडूनच होता" असं म्हणणाऱ्या मशीनवालीनं हा आकडा एकदा मनाशी घोळवावा.

दळणाचा हिशोब

"साड्या तर माझ्याच होत्या" हे मैत्रिणीचं म्हणणं चुकीचं नाही, पण त्यावरून गोधडी स्वस्त पडावी असं ठरत नाही. गिरणीत आपण आपलंच धान्य नेतो. गिरणीवाला ज्वारीचे पैसे मागत नाही, दळणाचे मागतो. तो ते वजनावर मागतो, आणि हरभऱ्याचा दर ज्वारीपेक्षा वेगळा लावतो, कारण जातं तापतं आणि वेळ जास्त लागतो. कुणी त्याला "धान्य माझंच आहे" असं सुनावत नाही.

गोधडीचं वजन म्हणजे टिपांची एकूण लांबी. ती दोन गोष्टींवर ठरते: गोधडीचं क्षेत्रफळ आणि दोन टिपांमधलं अंतर. उभ्या मारा की आडव्या, अंतर तेच असेल तर बेरीज तीच येते; पाहिजे तर वरच्याच गोधडीला सात फुटांच्या बाजूनं पाच-पाच फुटांच्या बेचाळीस टिपा मारून पाहा, पुन्हा २१० फूटच भरतील. पण अंतर दोनावरून एक इंचावर आणलं की ६४ मीटरचे १२८ होतात. दोरा दुप्पट, टिपांचा वेळ जवळपास दुप्पट. "जरा दाट टिपा मार गं, टिकाऊ होईल" हे वाक्य किती महागाचं आहे ते बोलणारीला माहीत नसतं.

आकाराची फसगत याहून मोठी. बाळासाठी तीन बाय तीन फुटांचं दुपटं शिवलं आणि दोनशे रुपये घेतले. मग सहा बाय सहाच्या गोधडीला किती? बाजू दुप्पट, म्हणून चारशे, असं पटकन तोंडून जातं. पण क्षेत्रफळ नऊ चौरस फुटांवरून छत्तीसवर गेलं, म्हणजे चौपट. टिपा चौपट. कडेची पट्टी तेवढी दुप्पट, बारा फुटांची चोवीस. म्हणून नगावर दर लावला की मोठ्या गोधडीत मशीनवाली बुडते. नुसता चौरस फुटावर लावला तर उलटं होतं, लहानशा दुपट्याला दर अगदीच किरकोळ येतो, आणि मशीन मांडणं, दोरा बदलणं, साड्या उसवणं हे तर तिथंही चुकत नाही. शिवणकामात मुरलेल्या बायका म्हणून दोन भाग करतात: मांडणीचा एक ठरलेला आकडा, आणि वर टिपांचा. मला हीच पद्धत सगळ्यात सरळ वाटते.

तासाचा भाव कुठून आणायचा?

आता राहिला प्रश्न, आपल्या तासाला किंमत किती? घरकामात गुंतलेल्या बाईला हा प्रश्न कुणी विचारत नाही, त्यामुळे तिला स्वतःलाही उत्तर माहीत नसतं. पण महाराष्ट्रात, त्यातही मराठवाड्यासारख्या दुष्काळी भागात, किमान एक आकडा सगळ्यांना परिचयाचा आहे. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेल्या रोजगार हमीचा कायदा १९७७ साली झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. पुढं २००५ साली देशाचा कायदा आला. या योजनेत महाराष्ट्रासाठी २०२५-२६ सालचा दिवसाचा दर होता ३१२ रुपये. आठ तासांनी भागले की तासाला ३९ रुपये. हा दर अकुशल कामाचा, म्हणजे ज्याला खास शिक्षण लागत नाही अशा माती-खड्ड्याच्या कामाचा. शिवणाऱ्या बाईनं काही वर्षं खर्चून हात बसवलेला असतो, स्वतःचं मशीन आणलेलं असतं. तिचा तास याच्या खाली जाता कामा नये, आणि वर किती जावा ते तिच्या गावावर नि हातावर. उदाहरणापुरते साठ रुपये धरू.

मशीनचाही हिशोबात वाटा असतो. समजा मोटरसह मशीन बारा हजारांना पडलं आणि त्यानं सहा हजार तास काम दिलं, तर चालण्याच्या प्रत्येक तासाला दोन रुपये झिजले. याला घसारा म्हणतात. आकडा लहान आहे, पण पट्टा तुटतो, शटल बिघडतं, त्या दिवशी हे दोन-दोन रुपये आठवतात.

| हिशोबाची चौकट: पाच बाय सात फूट, चार पदर, दोन इंचांवर टिपा | |
|---|---|
| उसवणं, कापणं, जोड, इस्त्री | १ तास |
| अंथरणं आणि टाचणं | दीड तास |
| टिपा (थांबणं, बॉबीन भरणं धरून) | ३ तास |
| कडेची पट्टी, दोरे कापणं | १ तास |
| एकूण साडेसहा तास, ६० रुपयांप्रमाणे | ३९० रुपये |
| दोरा, सुई, वीज, घसारा | ६० रुपये |
| एकूण | ४५० रुपये |

हे आकडे नमुन्याचे आहेत. प्रत्येकीनं एक गोधडी घड्याळ लावून शिवावी आणि आपले घालावेत. टिपा एक इंचावर आणल्या की फक्त तिसरी ओळ तीनाची सहा तास होते, दोरा वाढतो, आणि एकूण साडेसहाशेच्या पुढं जातं.

आणखी एक गोष्ट या चौकटीत मावत नाही: काम कधी मागितलं. दिवाळीच्या तोंडावर मशीनवर ब्लाऊजांचा ढीग असतो. त्या दिवसांत गोधडीला दिलेले साडेसहा तास म्हणजे तेवढ्या वेळात झाले असते ते ब्लाऊज. गोधडीची खरी किंमत तेव्हा ब्लाऊजांच्या मजुरीएवढी असते, मग चौकटीत काहीही लिहिलेलं असो. तेच आषाढात, लग्नसराई संपलेली, मशीन दुपारभर झाकून ठेवलेलं. तेव्हा हेच काम निम्म्या दरात केलं तरी काही जात नाही. मैत्रिणीला सवलत द्यायचीच असेल तर ती महिना पाहून द्यावी. "आत्ता घाई असेल तर साडेचारशे, आषाढात दे, तीनशेत करते" हे बोलायला सोपं आहे आणि त्यात कुणाचा अपमान नाही.

फुकट चालेल, पूर्ण चालेल, मधलंच टोचतं

आता अवघड भाग. मैत्रिणीकडून हिशोबानं पैसे घेणं बरं दिसत नाही आणि थोडेसे घेणं तर त्याहून वाईट ठरतं. असं का होत असावं?

जेम्स हेमन आणि डॅन अरीली या दोन संशोधकांनी २००४ साली अमेरिकेत काही साधे प्रयोग प्रसिद्ध केले. लोकांना संगणकाच्या पडद्यावर एक कंटाळवाणं काम दिलं. काहींना त्याचे बरे पैसे दिले, काहींना अगदी किरकोळ, काहींना काहीच नाही, फक्त मदत म्हणून करा असं सांगितलं. ज्यांना काहीच मिळणार नव्हतं, त्यांनी किरकोळ पैसेवाल्यांपेक्षा जास्त मन लावून काम केलं. पैशाऐवजी लहानशी खाऊची भेट दिली तरी काम चांगलं झालं. पण "ही अमुक पैशांची भेट" असं सांगितल्याबरोबर लोक पुन्हा किरकोळ पैसे मिळाल्यासारखे वागले.

याचा अर्थ असा लावतात की आपल्या डोक्यात देण्याघेण्याच्या दोन वेगळ्या वह्या असतात, एक बाजाराची आणि एक नात्याची. पूर्ण पैसे बाजाराच्या वहीत बसतात. फुकट केलेलं काम नात्याच्या वहीत बसतं. दीडशे रुपये मात्र काम बाजाराच्या वहीत ओढून नेतात आणि तिथं ते फारच कमी दिसतात. आहेराच्या साडीवरची किमतीची चिठ्ठी आपण काढून टाकतो, ती याच जाणिवेनं. "दे तुला वाटतील तेवढे" यातली अडचण इथं आहे. आकडा सांगायची जबाबदारी मैत्रिणीवर ढकलली जाते, आणि तिला तर दाते, पदर, १९० मीटर दोरा यातलं काहीच माहीत नाही.

तेव्हा लेकीच्या बाळंतपणासाठी जिवलग मैत्रीण दुपटं मागते तर ते तसंच द्यावं, दोऱ्याचेही घेऊ नयेत. मोठी गोधडी असेल तर पूर्ण हिशोब सांगावा. आणि मैत्रीण ती गोधडी पुण्या-मुंबईत नेऊन विकणार असेल, तर तिथं मैत्री आणूच नये. तो धंदा आहे आणि दोघींचा आहे.

सावडीनं शिवलं तर

दर कमी करायचा एक जुना रस्ता मराठवाड्यात सगळ्यांना ठाऊक आहे. पेरणी-खुरपणीला आज आम्ही तुमच्या रानात, उद्या तुम्ही आमच्या, पैशाचा संबंध नाही: ती सावड. हाताची गोधडीही बहुतेक अशीच शिवली जायची. दुपारची कामं उरकली की शेजारणी चार कडांना बसायच्या, ज्या घरची गोधडी त्या घरचा चहा. मजुरीवर गोधड्या शिवणाऱ्या बायाही होत्या, पण त्यांचा मोबदला आधी बोललेला असायचा. घरोब्यात दर विचारायची वेळच येत नसे, कारण मदत फिरून परत यायची. मशीननं काम झपाट्यानं होऊ लागलं, पण त्यापुढं बसायला जागा एकीलाच. चौघींचं काम एकीच्या गळ्यात आलं, आणि "किती झाले?" हा प्रश्न तिथून सुरू झाला, असं मला वाटतं.

पुन्हा चौकटीकडं पाहा. साडेसहा तासांतले पहिले अडीच तास, जोडाची टीप सोडली तर, मशीनचे नाहीतच. उसवणं, इस्त्री, अंथरणं, टाचणं हे मैत्रिणीला येतं, आणि अंथरायला तर दोघी असल्या की काम निम्म्या वेळात होतं. तिला म्हणावं, "साड्या उसवून, इस्त्री करून आण आणि टाचायला दुपारी येऊन बस." अडीच तासांचे दीडशे रुपये गेले, साडेचारशेचे तीनशे झाले. मशीनवालीनं आपल्या मजुरीतलं फारसं काही सोडलं नाही आणि मैत्रिणीला स्वस्त पडलं. टाचताना आपल्या पॉलिस्टरच्या साड्या कशा घसरतात हेही तिनं स्वतः पाहिलं. सवलतीचे बाकीचे सगळे मार्ग मला या मार्गापुढं कच्चे वाटतात.

दोऱ्या-सुईचे पैसे मात्र आधीच घ्यावेत. उचल घेतल्याशिवाय कोयता फडावर जात नाही, हे ज्या जिल्ह्यात पोरासोरांनाही माहीत आहे, तिथं साठ रुपये आगाऊ मागायला लाजायचं कारण नाही.

जाऊ येते तेव्हा

गावात दर लपत नाही. मैत्रिणीच्या अंगावरची गोधडी तिच्या जावेनं पाहिली की ती आठवड्यात साड्यांची पिशवी घेऊन दारात हजर होते: "तिला तीनशेत दिली, मलाही तीनशेतच." तोंडी व्यवहारात याला उत्तर नसतं, नाही म्हटलं तर मशीनवाली आपपरभाव करणारी ठरते. वहीत लिहिलं असेल तर असतं. गोधडी ५ बाय ७, टिपा दोन इंच, एकूण ४५०, टाचण-इस्त्री गिऱ्हाइकानं केली, वजा १५०, घेतले ३००. ही ओळ जावेपुढं धरायची आणि विचारायचं, "तुम्ही टाचायला कधी येताय?"